एक्केचाळीस सुपाऱ्या

माझ्या काकाला लिहिता-वाचता येत नव्हतं. मला येत होतं, तरी मी शाळा सोडली, ती त्याच्यामुळेच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको.

सातवीत होते. कसल्यातरी कागदावर घरच्या मोठ्या माणसाची सही पाहिजे होती. बाबा कंपनीत पहिल्या पाळीला, म्हणून काका आला. गोटीराम काका. कमरेला रुमाल, अंगात बंडी, पोटऱ्यांना खाडीचा सुकलेला चिखल. त्याने शाईत अंगठा बुडवला तसे गुरुजी अख्ख्या वर्गासमोर बोलले, "आले बघा अंगठेबहाद्दर!" पोरं हसली. काकापण हसला, त्याला वाटलं कौतुक चाललंय. मी दप्तर उचललं नि काकाच्या मागून चालू पडले. परत त्या शाळेत गेले नाय. घरी मार खाल्ला. पण काकाला कारण सांगितलं नाय.

तर हा काका. तळवलीचा. आमच्या घरामागे खारफुटीचं खाजण, खाजणापुढे मिठागर, मिठागरापुढे खाडी. वीस वर्षं तो मिठागरात राबला. मग सिडकोने जमिनी घेतल्या, मिठागर बंद पडलं. वाशीला पूल झाला तशी होडीवरची ने-आणही गेली. बाबाला कंपनीत नोकरी लागली, माझ्या मोठ्या भावाला लागली. काकाला कोण घेणार? त्याने लग्न केलं नव्हतं. एक होडी होती, नि एकच काम उरलं होतं. आवतन.

आमच्यात लग्न ठरलं की घरोघरी जाऊन बोलवायचं. त्याला आवतन म्हणतात. माणूस जातो, ओट्यावर बसतो, पाणी पितो, सगळ्यांची खुशाली विचारतो, मग पिशवीतून सुपारी काढून घरच्या मोठ्या माणसाच्या हातात देतो. सुपारी घेतली म्हणजे यायलाच पाहिजे. आमच्या भावकीत हे काम काकाचं. कोणाची पोर कुठे दिली, कोणाचा मामेभाऊ कुठल्या गावात, कोणत्या घरी कोण रुसलाय, सगळं त्याच्या डोक्यात. निघायच्या आदल्या दिवशी तो चटईवर सुपाऱ्या ओतायचा. एक-एक उचलून घराचं नाव घ्यायचा नि पिशवीत टाकायचा. हीच त्याची वही.

एक्क्याऐंशी साली आमच्या घरात लग्न निघालं. माझ्या भावाचं, कमळाकरदादाचं. मी सोळा वर्षांची. माझ्या आठवणीतलं घरातलं पहिलंच लग्न. काका चटईवर बसून सुपाऱ्या मोजत होता. एक्केचाळीस भरल्या. तेवढ्यात दादा ठाण्याहून छापून आणलेली कार्डं घेऊन आला. गुलाबी कागद, सोनेरी गणपती.

"काका, कशाला उन्हातान्हात फिरतोस? पोस्टात टाकू. दोन दिवसांत पोचतील."

काकाने कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "आन कार्डाला पानी कोन इचारील?"

"अरे, पाणी कशाला विचारायला पाहिजे?"

"मंग ते परत येऊन सांगल का, कोनाच्या घरी आजारी कोन हाय, कोनाच्या घरी बालंतीन हाय?"

बाबा हसला. दादाने कार्डं उचलून ठेवली. पण संध्याकाळी त्याने मला विहिरीजवळ गाठलं नि हातात एक वही दिली.

"नंदे, तू जा काकाबरोबर. तसंही तू घरात टिकत नायस. काकाला आता आठवत नाय. होळीला जेवला नि तासाभराने विचारतो, जेवायला कधी वाढनार? ज्याला विसरेल त्याचं नाव यात लिहून आण."

"मी काय चुगलखोर आहे?"

"चुगली नाय. एकसुद्धा घर राहिलं ना, तर उद्या तुझ्या वहिनीच्या माहेरच्यांसमोर तोंड दाखवायला जागा नाय. मग ही त्याची शेवटची पिशवी. मी काढून घेणार. बाबाला बोललोय."

दादा वाईट नव्हता. खरंच घाबरला होता. मीपण घाबरले. कारण पिशवी काढून घेतली तर काकाकडे राहिलं काय? दिवसभर ओट्यावर बसून येणारे-जाणारे ट्रक मोजायचे? मी वही घेतली. मनात बोलले, काका विसरला तर मी आठवण करून देईन. लिहिणार-बिहिणार काय नाय.

पहिली सुपारी चालत जाऊन दिली, महाप्याला, भगवान साळव्यांना. भगवानकाका जालन्याकडचे. कंपन्यांची बांधकामं सुरू झाली तेव्हा खडी फोडायला आले, नि पहिल्या पावसात झोपडं वाहून गेलं तेव्हा दोन महिने आमच्या पडवीत राहिले. भावकीतले काही लोक नाकं मुरडायचे, की ह्यांना पहिली सुपारी कशाला. काका त्यांना बोलायचा, "तुमच्या घरची शेवटी देतो, मंग बरं वाटंल का?" भगवानकाकांच्या बायकोने, मुक्ताबाईंनी, ज्वारीची भाकर नि ठेचा वाढला. माझ्या डोळ्यांतून पाणी नि नाकातूनही पाणी. निघालो. अर्ध्या वाटेत माझं लक्ष काकाच्या पायांकडे गेलं.

"काका, तुझ्या वहाणा?"

त्याने पायांकडे बघितलं, जसं काय पाय दुसऱ्याचे. "ऱ्हायल्या वाटतं."

डांबर तापलेलं, नि हा माणूस अनवाणी मैलभर चालून आला नि त्याला कळलं नाय. परत जाऊ बोलले, तर "भगवान काय पळून जातो?" बोलून चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी होडी काढली. चैत्र वद्य दशमी. काका सकाळी साडेसातला बोलला, "आता पानी फिरंल." आणि फिरलं. घड्याळ दोघांकडेही नव्हतं.

"तुला कसं कळतं रे?"

"तिथीची पाऊनपट कर. धा तिथी, साडेसात वाजता भरती. एकादशीला सवाआठ. तुज्या साळेत नाय शिकवला?"

नाय शिकवला. पहिल्याच दिवशी मला वाटायला लागलं की मी शाळा सोडून काय चुकीचं नाय केलं.

ते नऊ दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाय. घणसोली, कोपरखैरणे, जुहूगाव, वाशी. वाशीच्या पुलाखाली होडी बांधली नि मी पाण्यात उडी मारली. वर गाड्यांचा धडधडाट, खाली मी उताणी तरंगतेय. काका होडीतून बोलला, "ह्या पुलाने माजा धंदा खाल्ला, पन सावली बरी देतो." दुपारी एका टेकडीवर करवंदं खात बसले, खाली पाणी कधी उतरलं कळलं नाय. होडी चिखलात रुतली. कमरेएवढ्या चिखलात उतरून ढकलली, नाय हलली. मग सहा तास तिथेच. निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, पकडल्या, काटक्या पेटवून भाजल्या, मीठ लावून खाल्ल्या. काका बोलला, "तुज्यामुलं उपास नाय घडला, तुज्यामुलंच अडकलो." रात्री कोणाच्यातरी अंगणात झोपायचं, सकाळी पाण्याची वेळ बघून निघायचं. प्रत्येक घरी तांदळाची भाकरी, प्रत्येक घरी "पोर केवढी मोठी झाली", आणि प्रत्येक घरी "हिचा कवा बघताय?" मी बोलायचे, "आधी दादाचं होऊ दे, तो तरी सुटेल."

काका एकही घर चुकला नाय. मी सुटकेचा श्वास सोडला नि बेलापूरला पोचलो. तिथे एका घरासमोर उभा राहून काकाने हाक मारली, "पुतले! ए पुतले गो!"

पुतळामावशी गेल्या गणपतीला गेली होती. काका स्वतः खांदा द्यायला आला होता.

बाहेर तिची सून आली. काकाला बघून उंबऱ्यात थांबली, नि तिचे डोळे भरले. काका आरामात ओट्यावर बसला, पाणी मागितलं, सुपारी दिली. सुनेने काय सांगितलं नाय, मीपण नाय. होडीत बसल्यावर मी वही बाहेर काढली, बघितली, परत माझ्या गाठोड्यात कोंबली. वल्हं एवढं जोरात मारलं की काकाच्या अंगावर पाणी उडालं.

"काय गो, पान्यावर राग काडतेस?"

न्हावा गावाच्या पुढे उघडं पाणी लागतं. तिथे अचानक वारा फिरला. शीड एका बाजूला, होडी एका बाजूला, लाट सरळ आत. मी डबड्याने पाणी उपसतेय नि ओरडतेय. काका सुकाणू धरून बसलेला, ओरडतोय, "उपस! तोंड बंद कर, आतनी पानी जाईल!" मोरा बंदराच्या धक्क्याला लागलो. काकाने पहिलं काय केलं असेल, तर पिशवी उघडून सुपाऱ्या सुक्या आहेत का ते बघितलं.

मोऱ्याला काकाचा जुना दोस्त, हिराजी तांडेल. मुक्काम त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी द्रोणागिरीच्या डोंगराखालच्या गावात जायचं होतं, चालत तासाभराची वाट. मला खूप आनंद झाला होता, कारण त्या गावात आमची शेवंताआत्या राहायची. काका नि बाबाची थोरली बहीण. काकाला तिनेच वाढवलेलं.

आधी मला डोंगर चढायचा होता. काका खाली ताडाच्या सावलीत बसला, मी एकटी चढले. वरून सगळं दिसत होतं, इकडे समुद्र, तिकडे खाडी, आम्ही आलो ती वाट. खाली येऊन ताडगोळे खाल्ले. मग गावात तीन घरी सुपाऱ्या दिल्या. तिसरं घर वेणूबाईचं, आत्याच्या अगदी समोरचं. शेवग्याचं झाड, हिरवा दरवाजा, आत्याचंच घर. काका वेणूबाईच्या ओट्यावरून उठला, पिशवी खांद्याला लावली, नि आत्याच्या दरवाजासमोरून सरळ निघून गेला. मान वर, आभाळाकडे बघत.

"काका! आत्याचं घर!"

"कुठली आत्या?"

"शेवंताआत्या!"

"कोन शेवंता? चल लवकर. ऊन चडला."

मी जागेवर थांबले. वहाणा विसरला तर ठीक. मेलेल्या बाईला हाक मारली तरी मी गिळलं. पण बहीण? जिच्या कडेवर हा मोठा झाला, ती? मोऱ्यापर्यंत मी दहा पावलं मागून चालले. काका मात्र गुणगुणत होता.

आता मी काय केलं ते सांगते. चुकीचं केलं, पण परत तसाच प्रसंग आला तर परत तेच करेन. सकाळी उजाडायच्या आत उठले. पिशवीतून एक सुपारी काढली. हिराजीच्या बायकोला बोलले, धक्क्यावर चिंबोऱ्या बघून येते. नि पळत सुटले, द्रोणागिरीच्या दिशेने.

आत्या अंगण झाडत होती. मला बघून तिने झाडू टाकला. "नंदे! कोनाबरोबर आलीस? मुराली कोन?"

मला घाई होती. मी तिचा हात धरला नि सुपारी तळव्यावर ठेवली. "दादाच्या लग्नाला यायचं. दशमीला. काकाने पाठवली."

आत्या हाताकडे बघत राहिली. तिचं तोंड असं झालं, जसा काय मी निखारा ठेवलाय हातावर. समोरून वेणूबाई वाकून बघत होती.

"गोट्याने पाठवली? मना? सुपारी?"

"हो," मी बोलले. काकाला वाचवायचं होतं ना.

"बरं," आत्या बोलली. "सांग तुज्या काकाला. सुपारी पोचली. पावनी म्हनून मी कोनाच्या दारात जात नसते."

आत गेली नि दार लावलं. मला काय कळलं नाय. वाटलं, काल काका दारावरून गेला त्याचा राग. सुपारी तर पोचली ना, येईल. परत पळत मोऱ्याला. काका होडीत बसून वाट बघत होता. "चिंबोऱ्या कुटं हायत?" बोलला. मी बोलले, "पळाल्या."

परतीच्या वाटेवर शेवटचं घर सारसोळ्याचं. रखमाआजीचं. काकाने पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी. आतून उलटी करून झटकली.

"एक्केचाळीस मोजलेल्या," काका बोलला.

"मी खाल्ली एक," मी बोलले.

रखमाआजी खो-खो हसली. "अगो, लगीन दादाचा नि सुपारी तू खाल्लीस?" काकाने माझ्याकडे एकदा बघितलं, लांब, नि मग स्वतःच्या पानाच्या चंचीतली सुपारी काढून आजीच्या हातावर ठेवली.

तृतीयेला घरी पोचलो. दादा अंगणातच उभा. "झाली सगळी घरं?" काका बोलला, "झाली." दादाने माझ्याकडे बघितलं. मी बोलले, "झाली बोलला ना तो?" मला वाटलं सुटलो. काकाची पिशवी वाचली, नि ती मी वाचवली.

रात्री जेवायला बसलो. बाबा भाकरी मोडता मोडता बोलला, "गोट्या, शेवंताला आनायला कवा जातोस?"

"पंचमीला," काका बोलला. "पावनेचारला भरती. पहाटे पानी फिरला की निघतो. तिच्यासाठी लुगडा घेतला का?"

विसरला नव्हता. अजिबात विसरला नव्हता! मला एवढं बरं वाटलं की रडायला आलं, नि त्याच क्षणी एवढी भीती वाटली की ते रडणं खरंच बाहेर आलं.

"काका, तू तिच्या दारावरून गेलास ना! कोण शेवंता बोललास!"

"मंग काय बोलू? खांद्याला पिशवी, समोर वेनू कान टवकारून बसलेली. आवतनाची पिशवी घेऊन भयनीच्या दारात जायचा?"

बाबाने मला समजावलं. आवतन पाहुण्यांना. घरच्या लेकीला सुपारी द्यायची नसते, तिला आणायला माणूस पाठवायचा, मुराळी. सुपारी दिली म्हणजे तू आता परकी, पाहुण्यांसारखी ये नि पाहुण्यांसारखी जा.

मी सगळं सांगून टाकलं. पहाटे पळाले ते, वेणूबाईसमोर सुपारी हातावर ठेवली ते, काकाने पाठवली बोलले ते. आई कपाळाला हात लावून बसली. दादा बोलला, "बोंबला! आत्याशिवाय हळद कशी लागणार? पहिली हळद तिची."

मी वही आणून त्याच्यासमोर टाकली. आत एकच ओळ होती, आत्ताच दादाच्या पेनाने लिहिलेली: एक घर चुकलं, चुकवणारी नंदिनी. "घे. काकाचं नाव नाय यात. पिशवीला हात लावायचा नाय."

काका हात धुऊन आला. मला वाटलं आता पहिल्यांदा मारणार. तो बोलला, "सुपारी कमी झाली ती मना सारसोल्यालाच कळली. बोललो, ही सुपारी खानारी पोर नाय. पन इचारला नाय." मग रुमालाला हात पुसत बोलला, "वल्हं तू मारायची. जाताना नि येताना."

पंचमीला अंधारातच निघालो. मी वल्हं मारत होते, हाताला फोड आले, तरी मारत होते. मधेच विचारलं, "मग पुतळामावशीला हाक का मारलीस? ती तर गेली."

"म्हाईत हाय मना. मीच पोचवली. ते घर पुतल्याचा. पंचवीस वर्षं त्या दारात तीच हाक मारली. सुनेला वाटू दे ना, सासूचा घर अजून सासूचाच हाय."

"आणि वहाणा?"

काका हसला. "त्या खरंच इसरलो गो. होलीचा जेवनपन इसरलो असंल. वस्तू इसरतो मी आताशा. मानसा नाय इसरत."

मोऱ्याला होडी बांधली नि चालत निघालो. आत्याचं दार उघडं होतं. खांद्याला पिशवी नव्हती, हातात लुगडं होतं. आत्या ओट्यावर आली. काकाला बघून तिने पदर सारखा केला, जसा बाहेरच्या माणसासमोर करतात.

"या, या. बसा. सूनबाई, पावन्यांना चटई टाक. पानी आन पितलंच्या गलासात. गूळ आन." मग काकाकडे वळून, "प्रवास बरा झाला ना तुमचा? घरची मंडळी बरी हायत?"

तुमचा! आत्या काकाला! काकाचा चेहरा असा उतरला, जसा न्हाव्याच्या वाऱ्यातही उतरला नव्हता. चटईवर टेकला, पाणी हातात घेऊन तसाच बसला. समोर वेणूबाई भिंतीला चिकटून उभी. आत्याचा नवरा, आमचे जोमामामा, कोपऱ्यात जाळं विणत होते. मान वर न करता बोलले, "न्या बाबा हिला. पाच दिस झाले, कालवनात मीठ नाय."

"शेवंते," काका बोलला, "सुपारी आन."

"कशाला? दिलेली परत नेतात का तुमच्याकडं?"

"आन बोललो ना."

तिने देवाच्या फळीवरून सुपारी आणली. फेकली नव्हती. मी मधेच बोलले, मला राहवलं नाय. "आत्या, काकाने नाय पाठवली! मी चोरून आणली! मला वाटलं काका तुला विसरला!"

आत्या माझ्याकडे वळली. "कोनाला?"

"तुला."

"मना? हा मना इसरंल?" नि ती हसायलाच लागली. पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. "अगो, ह्याचा शेंबूड मी पुसलाय! पडला तर उचलला मी, बुडाला तर काडला मी! हा मना इसरंल? ह्याची हिंमत हाय?"

काकाने कमरेचा अडकित्ता काढला. सुपारी मधोमध फोडली. अर्धी आत्याला, उरलेल्या अर्धीचे परत दोन तुकडे, एक त्याने तोंडात टाकला, एक मला दिला. "खा. चावून खा. वेनू, बघतेस ना? आवतन कुटं हाय आता?"

"नाय," आत्या बोलली, तोंडात सुपारी.

मग लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. तिने घडी उघडून काठ बघितला, नि बोलली, "हिरवा? मना हिरवा आवडत नाय, हे तरी आठवतंय का रे, गोट्या?"

रे बोलली. माझ्या छातीवरचा दगड तिथेच पडला.

"मुराली कोन मंग? तू का?"

"ही," काकाने माझ्याकडे बोट केलं.

"पोर मुराली? असा कुटं असतंय?"

"वल्हं मी मारतेय," मी बोलले. हात दाखवले. आत्याने फोड बघितले. दारामागे गेली नि गाठोडं घेऊन आली. बांधलेलंच होतं. जोमामामा बोलले, "पाच दिस बांधून ठेवलाय. रोज सोडते, रोज बांधते."

येताना भरती वाशीपर्यंत पुरली, पुढे शीड लावलं. आत्या होडीच्या टोकाला बसून सांगत होती, होडी इकडे घे, तिकडे घे. काका बोलत होता, तू गप बस. मी वल्हं आत घेतलं, उताणी पडले नि आभाळ बघत राहिले. हात जळत होते, पण एवढं हलकं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

हळदीच्या दिवशी एक्केचाळीस घरची माणसं आली. दादाने गुपचूप बारा कार्डंही पाठवली होती, आमच्या लांबच्या नात्यात. त्यांच्यातला एक जण पुढच्या महिन्यात दादाला बाजारात भेटला. बोलला, "कार्ड आला रे. वाट बघत होतो, मानूस कवा येतो. आला नाय, मंग कसा येनार?" दादाने परत कार्डाचं नाव काढलं नाय. पिशवी काकाच्या खुंटीला राहिली.

पहिली हळद आत्याने लावली, हिरवं लुगडं नेसून. तेवढ्यात भगवानकाका मांडवात शिरले, बगलेत वर्तमानपत्राचा पुडा. उघडला तर आत काकाच्या वहाणा, तेल लावून चकचकीत केलेल्या.

आत्याने हळदीचा हात तसाच वर धरला नि अख्ख्या मांडवासमोर ओरडली, "गोट्या! लगनाला अनवानी आलास? शरम नाय तुना?"

काका खाली बसून वहाणा घालायला लागला. खूप वेळ लावला. मान खाली होती, पण मी बाजूलाच होते. हसत होता.